कोरड्याचं सोवळं: पावसात कनू घेऊन अल्गोंक्विनच्या जंगलात

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्या माणसाला कॅनडात त्याचा अनुभवच नडतो. ‘पावसाचं काय एवढं, आम्ही राजमाचीला चार-चार तास भिजत गेलोय,’ असं मीही म्हणायचे. तिकडचा पाऊस आणि इथला पाऊस, नाव तेवढं एक. जुलैत राजमाचीला चिंब झालात तरी हवा विशीच्या वरच असते, गावात कुणाच्या तरी ओसरीवर चहा-भजी मिळते आणि दुसऱ्या दिवशी माणूस घरी असतो. इथे जूनमध्ये तळ्यावर झड लागली की भरदुपारी पारा दहा-बारावर उतरतो, रात्री आणखी खाली, आणि ओसरी तुम्ही स्वतः बांधाल तीच.

टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे राहणारे, चार-सहा मित्रमैत्रिणी मिळून पहिल्यांदाच दोन रात्रींसाठी कनू, म्हणजे वल्ह्याने हाकायची उघडी होडी, घेऊन जाणारे, आणि निघायच्या आदल्या दिवशी हवामानखात्याच्या पानावर ढगांची चित्रं बघून पोटात गोळा आलेले, अशांसाठी हे लिहिते आहे.

कुठे आणि कधी

अल्गोंक्विन प्रोव्हिन्शियल पार्क टोरोंटोपासून साधारण तीन तासांवर आहे. ४०० आणि मग ११ नंबरच्या महामार्गाने हंट्सव्हिल गाठायचं, तिथून ६० नंबरचा रस्ता थेट पार्कात शिरतो. १८९३ साली राखलेलं हे जंगल साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण निम्मं. तळी, नद्या आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा मिळून दोन हजार किलोमीटरचे कनूचे मार्ग आहेत. नकाशा पाहून हुरळायला होतं. हुरळू नका.

पहिल्या खेपेला कनू लेक बरं. पश्चिम दरवाज्यापासून चौदा किलोमीटरवर आहे, तिथेच गाडी लावता येते, परवाना मिळतो आणि कनूही भाड्याने मिळते. उत्तरेकडे वल्हवत गेलं की तळ्याच्या टोकाला कनू आणि सामान उचलून न्यायची २९५ मीटरची एकच चाल आहे, पलीकडे जो लेक आणि त्याच्या पुढे टीपी लेक. पावसात गडबड झालीच तर अर्ध्या दिवसात गाडीपाशी परतता येतं, आणि पहिल्या सहलीत हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची. ओपियोंगो हे पार्कातलं सर्वांत मोठं तळं. फोटोंत फार देखणं दिसतं, पण वारा सुटला की नवख्याची तिथे फजिती होते. ते नंतर कधीतरी.

आतल्या तळ्यांचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं. आरक्षण तळ्याचं असतं, ठरावीक जागेचं नव्हे. तळ्यावर झाडांना नारिंगी पाट्या ठोकलेल्या दिसतात, त्यातली जी जागा रिकामी सापडेल ती तुमची. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं. पाऊस असला की आधीच उतरलेले लोक जागा सोडायला कुरकुरतात आणि नवे लोक पहिली दिसेल ती जागा धरतात, म्हणून दुपारी दोन-तीनच्या आत पोहोचायचा बेत ठेवा.

महिना निवडायचा झाला तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पाणी तोवर कोमट झालेलं असतं आणि डासही कमी. मे-जूनमध्ये काळ्या माश्या चावून रक्त काढतात, आणि तळ्यातलं पाणी बर्फ वितळून फार दिवस न झाल्यासारखंच गार असतं.

जायचं की रद्द करायचं

‘पावसाची शक्यता ८० टक्के’ एवढं वाचून सहल रद्द करू नका. तीन गोष्टी बघा: गडगडाट आहे का, वारा किती आहे, आणि रात्रीचं तापमान. दिवसभर रिमझिम आणि वारा मंद असेल तर तो दिवस कनूसाठी उत्तमच. तळ्यावर धुकं, कुणी नाही, लून पक्ष्याची हाक लांबून येते. उलट कडक ऊन आणि ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर मी मोठं तळं ओलांडणार नाही.

निघण्याआधी, सगळे कोरडे आणि पोट भरलेले असतानाच, मंडळींत एक गोष्ट ठरवून घ्या: एकानेही ‘मला हे झेपत नाहीये’ म्हटलं तर थांबायचं किंवा मागे फिरायचं, चेष्टा नाही, समजूत घालणं नाही. मराठी घोळक्यात ‘अरे चल रे, काही होत नाही’ म्हणणारा एक जण असतोच. त्याच्याकडूनच हे कबूल करून घ्या.

घरी राहणाऱ्या कुणाकडे तरी तळ्यांची नावं, परतायचा दिवस, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. आत गेलं की फोनला बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानेही मिळतं, घोळक्यात निदान एक असावं.

अंगावर काय घालायचं

सुती कपडे घरी. जीन्स, कॉटनचा टी-शर्ट, हुडी, सगळं घरी. सूत पाणी पितं, वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आतून पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस अडवणारं जॅकेट. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा असतो, त्यामागचं शास्त्र हेच: लोकर ओली झाली तरी पुष्कळ ऊब धरून ठेवते.

पावसाची पॅन्ट लोक टाळतात, आणि दहा मिनिटांत पस्तावतात. कनूत तुम्ही बसलेले असता, त्यामुळे मांड्यांवर सरळ तळं साठतं. पॅन्ट हवीच. पोंचो मात्र नको. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि पाण्यात पडलात तर हातापायांत गुंडाळतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूटही नकोत, पाणी भरलं की पाय जड होतात. जुने स्पोर्ट्स शूज दिवसभर खुशाल ओले होऊ द्या. मुक्कामावर घालायला वेगळी कोरडी पादत्राणं आणि जाड लोकरी मोजे ठेवा. डोक्याला लोकरी टोपी, ऑगस्टमध्येसुद्धा.

पिशव्या भरणे, म्हणजे अर्धी सहल

माझ्या पहिल्या सहलीत मी सॅकवर छान निळं रेनकव्हर चढवलं होतं. पाऊस वरून येतो, कव्हर वरून आहे, चिंता मिटली. कनूत पाणी खालून येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वल्ह्यावरून ओघळणारं, बुटांतून निथळणारं, वरून पडणारं, सगळं तळाशी जमतं आणि त्या डबक्यात सॅक बसलेली असते. तीन तासांनी तंबूत स्लीपिंग बॅग उघडली तर तिचा खालचा अर्धा भाग पिळता आला असता. ती रात्र मी दोन मैत्रिणींच्या मधोमध, एकीच्या जॅकेटात पाय घालून काढली. मोजून बावीस वेळा घड्याळ पाहिलं.

तेव्हापासून मी सोवळं पाळते. आजीचं सोवळ्याचं लुगडं उंच काठीवर वाळत असायचं, आम्हा पोरांचा नुसता स्पर्श झाला तरी पुन्हा धुवायला जायचं. तेव्हा ते सगळं मला फार जाचक वाटायचं, तत्त्व म्हणून आजही पटत नाही. पण जंगलातल्या पावसात तीच शिस्त कामी येते. प्रत्येकाचं सोवळं एवढंच: स्लीपिंग बॅग, झोपायचे कपडे एक जोड, मोजे एक जोड, टोपी. हे एका ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, त्याच्या आत पुन्हा कचऱ्याची जाड पिशवी. तोंड पिळून, दुमडून, बांधायचं. ही बॅग तंबूच्या बाहेर कधीही उघडायची नाही, आणि आतले कपडे झोपण्यापलीकडे कशालाही घालायचे नाहीत. लघवीला बाहेर जायचं असेल तर ओवळं जॅकेट वरून चढवून.

यातला अवघड भाग सकाळी येतो. कोरड्या, उबदार कपड्यांतून उठून कालचे गार, ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. प्रत्येक नवखा इथे कच खातो, ‘आजच्या दिवस कोरडेच घालतो’ म्हणतो, आणि संध्याकाळी त्याच्याकडे कोरडं काही उरत नाही. दोन मिनिटं शिव्या घाला आणि ओले चढवा. वल्हं हाणायला लागलात की पाच मिनिटांत अंग तापतं.

बाकीचं सामान ओलं झालं तरी चालणारं आणि न चालणारं असं दोन ढिगांत वाटा. आगपेट्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येक वेळी घट्ट झाकणाच्या डबीत. सुतळी आणि दोरी भरपूर. ताडपत्री सगळ्यात वर, कारण उतरल्यावर तीच आधी लागते.

शिधा

आतल्या तळ्यांवर डबाबंद टिन आणि एकदा वापरून टाकायच्या बाटल्या न्यायला पार्काची बंदी आहे. म्हणजे लोणच्याची काचेची बरणी गाडीतच राहील. घरच्या प्लास्टिकच्या डब्यात काढून घ्या, पुन्हा वापरता येणारी भांडी चालतात.

पावसात स्वयंपाक म्हणजे एका पातेल्यात, वीस मिनिटांत, न ढवळता होणारं काहीतरी. थालीपिठाची भाजणी नेण्याचा मोह मलाही होतो, पण एकेक थालीपीठ लावत पाऊण तास तव्यापाशी ओणवं राहायचं म्हणजे गॅस आणि मैत्री दोन्ही संपतात. मूगडाळ सकाळीच एका बाटलीत भिजत घाला, संध्याकाळपर्यंत फुगते आणि खिचडी लवकर शिजते. फोडणी घरीच करून, थिजलेल्या तुपासकट छोट्या डबीत न्यायची. नाश्त्याला घरी भाजलेला रवा, त्यातच मोहरी-मिरची-कढीपत्ता परतलेला, वर उकळतं पाणी ओतलं की उपमा. भाजलेल्या बेसनात तिखट-मीठ-जिरं मिसळून नेलं तर पाच मिनिटांत पिठलं. मेतकूट-तूप-भाताला तर काही करावंच लागत नाही.

खरं महत्त्वाचं खाणं मात्र खिशातलं. गूळ-शेंगदाणे, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. दर तासाला दोन घास, भूक असो वा नसो. थंडीत शरीर तापत राहायला सरपण लागतं, आणि पावसात कुणाला थांबून डबा उघडायचा उत्साह नसतो. झोपण्याआधी बेसनाचा एक लाडू. तुपावर रात्र निघते.

पिण्याचं पाणी तळ्याचंच, पण गाळून किंवा उकळून. पाण्यात जिआर्डिया नावाचा पोटाचा शत्रू असू शकतो. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. काठावरचा गाळ टाळायला कनू थोडी आत नेऊन पाणी भरा.

पाण्यावर

कनू आणि कयाक एक नव्हे. कनू वरून उघडी, वल्हं एकाच पात्याचं. मागे बसलेला दिशा सांभाळतो, पुढचा जोर लावतो आणि खडक बघून ओरडतो. बहुतेक घोळक्यांत पहिल्या तासाला नवरा-बायको किंवा जिवलग मित्र यांचं भांडण होतं, कारण कनू डावीकडे जाते आणि दोघांनाही वाटतं की चूक दुसऱ्याची. चूक मागच्याची असते. वल्ह्याचा प्रत्येक फटका कनूला थोडी वळवतो, म्हणून मागच्याने फटक्याच्या शेवटी पातं बाहेरच्या बाजूला किंचित लोटायचं. वल्ह्याची वाट इंग्रजी जे अक्षरासारखी होते. अर्धा तास काठाजवळ याचाच सराव करा.

कायद्याने प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आणि प्रत्येक कनूत एक शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि निदान पंधरा मीटर लांब तरंगणारी दोरी लागते. भाड्याच्या कनूसोबत हे संच देतात, मागून घ्या. लाइफ जॅकेट कनूत ठेवून चालत नाही, अंगात घालून बंद लावायचं. टॉम थॉमसन हा कॅनडाचा थोर चित्रकार, या तळ्यांवर वर्षानुवर्षं वल्हवलेला माणूस. जुलै १९१७ मध्ये याच कनू लेकवर आधी त्याची कनू रिकामी सापडली, तो नंतर. नेमकं काय घडलं यावर लोक अजून वाद घालतात. मी वाद घालत नाही, पट्टा आवळते.

पावसात पाणी साठत जातं, म्हणून दर अर्ध्या तासाने उपसा. मोठा स्पंज यासाठी सोन्यासारखा. सामान तळाशी, मधोमध, नीट समतोल. वारा वाढला तर बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसा, वजन खाली आलं की कनू स्थिर होते. लाटा आडव्या घेऊ नका, थोड्या तिरक्या नाकावर घ्या. तळं मधून ओलांडण्याचा हट्ट सोडा. काठ धरून गेलं तर वेळ जास्त लागतो, पण उलटलात तर पोहून काठ गाठता येतो. सगळ्या कनू एकमेकींना हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

उलटलात तर? थंड पाण्यासाठी इथे एक–दहा–एक असा हिशोब शिकवतात. पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणायचं, त्यात धडपड नको. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात कनूला धरा, शिट्टी वाजवा, काठाकडे सरका. त्यानंतरही शुद्ध हरपायला सुमारे तासभर लागतो, पण तो तास लाइफ जॅकेट अंगात असेल तरच मिळतो.

गडगडाट ऐकू आला की चर्चा नाही. लगेच काठाला, कनू वर ओढा, पाण्यापासून आणि एकट्यादुकट्या उंच झाडापासून दूर व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्यात पाऊल टाकायचं नाही. पुन्हा वाजलं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

पोर्टेज

दोन तळ्यांमधली चाल म्हणजे पोर्टेज. फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘वाहून नेणं’. या मुलखातल्या अनिशिनाबे या मूळ रहिवाशांनी बर्च झाडाच्या सालीची कनू घडवली ती अशाच वाटांसाठी: एका माणसाला उचलता येईल एवढी हलकी, आणि फुटली तर जंगलातल्याच मुळ्यांनी शिवून, राळेने सांधून पुन्हा पाण्यात. भाड्याने घेताना केव्हलर नावाच्या हलक्या, चिवट धाग्याची मागा. वीस किलोच्या आतबाहेर असते. ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण पहिल्याच चढावर पैसे आठवतात.

पिवळी पाटी दिसली की उतरा. कनू पालथी करून मधलं लाकडी जू खांद्यावर घ्यायचं. जू म्हणतात ते उगाच नाही. पावसात याचा एक फायदा असतो: कनू डोक्यावर घेतलेला माणूस कोकणात इरलं घेऊन लावणी करणाऱ्यासारखा, सगळ्या घोळक्यात तोच एकटा कोरडा. तोटा असा की त्या इरल्याखाली डासही आसऱ्याला येतात आणि हात मोकळे नसतात.

ओली मुळं आणि शेवाळलेल्या फळ्या काचेसारख्या निसरड्या असतात. पाऊल मुळावर नको, मातीत टाका. एका फेरीत सगळं नेण्याची फुशारकी नको. दोन फेऱ्या धरा, म्हणजे २९५ मीटरची वाट तुम्ही तीनदा चालणार, पाऊण-एक किलोमीटर. तेवढा वेळ बेतात मोजा. दुसऱ्या फेरीला जाताना पहिलं सामान झाडाखाली ताडपत्रीने झाकून ठेवा.

मुक्कामाला पोहोचल्यावर, क्रमाने

आधी वर बघा. तंबूच्या जागेवर वाळकी फांदी किंवा कललेलं मेलेलं झाड लटकत असेल तर ती जागा सोडा. पावसाने जड झालेल्या फांद्या रात्री तुटतात.

मग ताडपत्री. तंबू नव्हे, आधी ताडपत्रीच. दुकानात टार्प म्हणून मागा. दहा बाय बारा फुटांची सहा जणांना पुरते. दोन झाडांमध्ये छातीच्या थोडी वर दोरी ताणा, त्यावर ताडपत्री टाकून कोपरे खाली ओढा. वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत, उतार एका बाजूला ठेवा म्हणजे मध्ये पाण्याचा फुगा साठणार नाही. गाठी अशा मारा की ओल्या झाल्यावरही एका ओढीत सुटतील, सुरगाठ घरीच बुटाच्या लेसवर शिकून या. सगळं सामान या छपराखाली आलं, कडेने पागोळ्या गळायला लागल्या, आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, की घोळक्याचा सूर बदलतो. आम्ही तर चहा होईपर्यंत तंबूला हात लावत नाही.

तंबू सखल, घट्ट झालेल्या जागी नको. तिथे आजवरच्या सगळ्यांनी झोपून खळगा केलेला असतो आणि पहाटे त्याचं तळं होतं. किंचित उंचवटा बघा. चर खणू नका, पार्कात चालत नाही आणि उपयोगही होत नाही. तंबूखाली घालायचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावत असेल तर आत दुमडा, नाहीतर वरून ओघळणारं पाणी तेच तुमच्या पाठीखाली आणून देतं. शक्य असेल तर आतला तंबू ताडपत्रीच्या आडोशाला उभा करा.

चूल

जेवण स्टोव्हवरच शिजवा. चूल मनासाठी आणि शेकायला. पण पेटवता आली पाहिजे.

जमिनीवर पडलेलं लाकूड विसरा, ते आतपर्यंत भिजलेलं असतं. जमिनीला न टेकता वर अडकून राहिलेलं, मनगटाएवढ्या जाडीचं वाळकं लाकूड शोधा. ते कापून फोडलं की आतला गाभा कोरडा निघतो. पाइन, स्प्रूसच्या बुंध्याला खालच्या बाजूला वाळक्या काड्या असतात. कट्ट आवाज करून मोडली तर घ्या, वाकली तर सोडा. पडलेल्या बर्चची साल ओली असतानाही पेटते, तिच्यात तेलकट अंश असतो. जिवंत झाडाची साल मात्र ओरबाडू नका. चाकूने कोरड्या गाभ्याच्या पातळ सुरळ्या काढा, मूठभर नव्हे, टोपलीभर. घरून व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे आणले असतील तर मान खाली घालायचं कारण नाही, मीही आणते. ओल्या जागेवर फोडलेल्या लाकडांची बैठक करून त्यावर काड्यांची माची रचा, जाळ बारीक असताना मोठं लाकूड लादू नका.

ताडपत्री नायलॉनची असेल तर जाळ तिच्या कडेबाहेर. रात्री उरलेलं फोडलेलं लाकूड पालथ्या कनूखाली सरकवा, सकाळी कोरडं मिळेल. कनू पाण्यापासून बरीच वर ओढून झाडाला बांधलेली असावी हे वेगळं सांगत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगते. कितीही कोसळू दे, स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही. आगीचं भय आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

अंधार पडण्याआधी

खाण्याचं सगळं, आणि त्यासोबत टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, खरकटी भांडी, एका पिशवीत भरून तंबूपासून दूर झाडावर टांगा. जमिनीपासून चार मीटर वर, बुंध्यापासून दोन मीटर लांब. इथे काळी अस्वलं आहेत. फोडणीच्या हिंगाचा वास अस्वलाला आवडतो की नाही, हे तपासून बघायची माझी इच्छा नाही. दोरी टाकायचं हे काम उजेडात करा. पावसात, अंधारात, बॅटरी तोंडात धरून फांदीवर दगड फेकण्याचा खेळ आम्ही एकदा खेळलो आहोत, पाऊण तास चालला. संडास म्हणजे जंगलात थोडं आत ठेवलेली झाकणाची लाकडी पेटी. तिची वाट उजेडीच बघून ठेवा, आणि कागद ड्राय बॅगेत.

मग एकमेकांकडे नीट बघा. कोण अडखळतंय, कोण तोंडातल्या तोंडात पुटपुटतंय, कुणाच्या हातून चमचा निसटतोय, कोण उगाच चिडलंय? ही थंडी अंगात शिरल्याची लक्षणं असतात, आणि ज्याला होतं त्याला स्वतःला कळत नाही. त्याचे ओले कपडे काढा, त्याच्या सोवळ्याची वेळ आली असं समजा, खाली जाड अंथरूण, वर स्लीपिंग बॅग, हातात गोड गरम चहा. गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली मोज्यात घालून काखेत. दारू नाही, ती ऊब आल्याचा भास करते आणि ऊब घालवते. थरथर थांबली पण माणूस मंदावलेलाच आहे, तर वाट न बघता मदतीचा संदेश पाठवा.

ओले कपडे तंबूच्या दाराबाहेरच्या आडोशाला. आत आणले तर रात्रभर छताला आतून घाम सुटतो. वरची जाळी थोडी उघडी ठेवा, गार वाटलं तरी. पत्ते आणा. सहा जण एका ताडपत्रीखाली अडकले की डाव मध्यरात्रीपर्यंत चालतो.

निघताना आणि घरी आल्यावर

सकाळी पाऊस असेल तर क्रम उलटा: तंबू आधी उतरवा, ताडपत्री सगळ्यांत शेवटी. ओला तंबू वेगळ्या पिशवीत, सोवळ्याच्या बॅगेत तर मुळीच नाही. पहाटे वारा पडलेला असतो, मोठं तळं तेव्हाच ओलांडा.

गाडीत प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि टॉवेल आधीच ठेवलेला असावा. हंट्सव्हिलला पोहोचेपर्यंत काच आतून धुकटेल, हीटर पूर्ण चालू करा आणि खिडकी बोटभर उघडा.

घरी कितीही दमून आलात तरी तंबू त्याच रात्री उघडा. अपार्टमेंट असेल तर बाथरूमच्या पडद्याच्या दांडीवर आतला भाग, जेवणाच्या टेबलावर ताडपत्री, खुर्च्यांवर दोऱ्या. दोन दिवस तसाच बांधलेला राहिला तर बुरशी धरते आणि तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही. स्लीपिंग बॅग कोरडी असली तरी तासभर पसरा. आणि फोडणीच्या डबीत उरलेलं तूप सिंकमध्ये ओतू नका, भातावर घ्या.